डबल गुडघ्याची पॅन्ट आणि न आलेले ढग

माधवराव,

परवा शुभाताईंनी तुमची ती मातकट हिरवी, शिकारीची पॅन्ट माझ्या हातात ठेवली, तेव्हा मी पहिलं काम कोणतं केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. खिसे तपासले. मेहुणी समोर उभी, रडून रडून डोळे सुजलेले, आणि हा गृहस्थ तिच्या नवऱ्याच्या पॅन्टचे खिसे उलटे करून बघतोय. माझ्या बायकोने, सीमाने, मला कोपराने ढोसलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "पाहा ना राजे, काही सापडलं तर मलाही सांगा." काही सापडलं नाही. आलेपाकाचा एक चिकट कागद निघाला आणि झाडाला खूण म्हणून बांधायच्या नारिंगी फितीचा तुकडा. तरी मांडीवरचा चेनचा खिसा मी दोनदा पाहिला.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. जो तो तुमच्याविषयी चांगलं बोलतोय, आणि मी मात्र तुमच्याविषयीची माझी जुनी शंका उगाळत बसलोय. वाटलं होतं, माणूस गेला की त्याच्याबद्दलची शंकाही जाते. उलट झालं. आता उत्तर देणारंच कोणी नाही म्हटल्यावर ती मानगुटीवर बसली आहे.

शंका साधी आहे. तुम्ही दर वर्षी मला शिकारीला कशाला नेत होतात?

तुम्हीच विचार करा. आपण साडू, आणि साडू हे नातंच मुळात संशयाचं. एकाच घरचे दोन जावई. एकाच्या पुरणपोळीवर तूप जरा जास्त पडलं की दुसऱ्याच्या ते लक्षात राहतं. त्यात तुम्ही नागपूरचे, दारात आलेल्या माणसाला आधी ताटावर बसवणारे. मी पुण्याचा, दारात आलेल्याला आधी काय काम आहे ते विचारणारा. तुम्ही डेन्व्हरच्या बाहेर डोंगराच्या पायथ्याशी घर घेतलंत, शेजारच्या डेलकडून शिकार शिकलात. मी नेपरव्हिलला राहिलो, जिथे चढ म्हणून दाखवण्यासारखी एकच गोष्ट, ती म्हणजे रेल्वे स्टेशनचा जिना. मी बंदूक हातात धरत नाही. मटण खातो, पण ते कुठून आणलं याची चौकशी करून. अशा माणसाला दर वर्षी थंडी पडायला लागली की तुमचा फोन: "तिकीट काढलं का राजे?"

मी माझ्या परीने उत्तरं शोधली होती. एक, तुम्हाला परतीच्या वाटेवर गाडी चालवायला कोणी तरी हवा. दोन, मांस वाहून आणायला एक खांदा हवा. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊबंद. तो पडला की त्याचं ओझं एका माणसाच्या आवाक्यातलं नसतं. आणि तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त खरं वाटायचं. तुम्हाला गोष्टी सांगायला आवडायचं, आणि गोष्टीत एक बावळट लागतो.

पहिल्या वर्षी मी जीन्स घालून आलो. तुम्ही दारातच माझ्या पायांकडे पाहिलंत आणि आत या म्हणायच्या आधी सांगितलंत की ही पॅन्ट घालून डोंगरात यायचं नाही. सुती कापड घामाने भिजलं की वाळत नाही आणि मग माणूस आतून गारठतो. शिवाय हरणाच्या जातीला शिकाऱ्याने कायद्याने घालायचं नारिंगी जॅकेट कळत नाही, निळा रंग मात्र लांबून दिसतो. मी मनात म्हटलं, याचं कुठल्या तरी दुकानाशी साटंलोटं असणार. तासाभरात तुम्ही मला दुकानात घेऊन गेलातच, त्यामुळे माझी खात्रीच पटली.

तिथल्या पोऱ्याने आपल्याला पानाफांद्या छापलेली एक पॅन्ट दाखवली. तुम्ही हातही लावला नाहीत. पानं छापून माणूस लपत नाही, न हलल्यामुळे लपतो, असं तुमचं म्हणणं. मग तुम्ही दुसऱ्या एका पॅन्टचं कापड माझ्या कानाशी नेऊन चुरगळलंत. आवाज आला. ती परत गेली. तिसरीचाही आला. असं करत करत तुम्ही ती लोकरमिश्रित, खडबडीत, दिसायला अगदी शाळेच्या शिपायाची असते तशी पॅन्ट काढलीत. गुडघ्यावर दुहेरी कापड, बुडाला दुहेरी कापड, दोन पायांच्या मध्ये वेगळा जोड दिलेला, म्हणजे उंच पाय टाकताना शिवण तटतटत नाही. आतून जाड अस्तर नको, कारण चढताना घाम येतो. गरम विजार पिशवीत ठेवायची आणि वर पोचल्यावर आतून चढवायची. म्हणून कंबर एक नंबर ढिली. मी विचारलं, गुडघ्याचं समजलं, पण बुडाला दुहेरी कशाला?

"लोकांना वाटते शिकार म्हणजे चालणं," तुम्ही म्हणालात. "शिकार म्हणजे थंड दगडावर बसणं. पॅन्ट बसायसाठी घ्यायची असते राजे."

आणि मग तुम्ही मला ती घालून बाहेर बोलावलंत आणि सांगितलंत, मांडी घाला. कुठे? इथेच. दोन्ही बाजूंना बुटांच्या रांगा, मधल्या फरशीवर मी पंगतीला बसल्यासारखा मांडी घालून बसलो. मग उकिडवं बसायला लावलंत. मग एका गुडघ्यावर. ट्राउझर निवडायची ही पद्धत त्या दुकानाने तोवर पाहिली नसावी. तो पोऱ्या धावत आला आणि मला बरं वाटतंय ना म्हणून विचारू लागला. तुम्ही अत्यंत गंभीर चेहऱ्याने त्याला सांगितलंत की आमच्याकडे जी पॅन्ट मांडी घालू देत नाही ती पॅन्टच नव्हे. मला तेव्हाच वाटलं, घरी जाऊन हा माणूस हे रंगवून सांगणार. तुम्ही सांगितलंतच, जेवण वाढून होईपर्यंतही थांबला नाहीत. पण त्या पॅन्टची एक शिवण अजून उसवलेली नाही, हेही नमूद करतो. मी दर वर्षी तपासतो.

दुसऱ्या वर्षी ते डांबरगोळ्यांचं प्रकरण झालं. लोकरीचा कपडा म्हटला की ट्रंकेत डांबरगोळ्या, हे मला आईने शिकवलेलं. नेपरव्हिलच्या इंडियन दुकानातून पुडी आणून मी ती पॅन्ट वर्षभर सुटकेसमध्ये नीट जपून ठेवली होती. तुमच्या ट्रकमध्ये बसलो आणि तुम्ही चारही काचा खाली केल्यात. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. मला वाटलं, ही कसली तरी शिकाऱ्यांची रीत असेल. थोड्या वेळाने तुम्ही म्हणालात, "आज समद्या एल्कना सुटी देऊन टाकली तुम्ही." एल्कला म्हणे मैलभरावरून वास येतो. मी म्हटलं, त्याला डांबरगोळीचा वास माहीत असायचं काही कारण नाही, तो घाबरेल कशाला? हा वाद आपण शेवटपर्यंत सोडवला नाही. माझं अजूनही तेच म्हणणं आहे.

पण त्या दिवशी तुम्ही तुमची ही हिरवी पॅन्ट मला दिलीत, पाय दुमडून वर करून. स्वतः ट्रकच्या मागे पडलेली जुनी ट्रॅकपॅन्ट घातलीत. आपण उतरणीवरच्या एका दगडावर जाऊन बसलो. वारा सुटला. तुमच्या त्या पातळ कापडातून वारा आरपार जात होता, तुमचे ओठ काळेनिळे पडले होते आणि दात वाजत होते. मी पॅन्ट परत देऊ केली तर तुम्ही नुसता हात वर केलात: हलू नका. तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? की हा जन्मभर ऐकवायची सोय करून ठेवतोय. तुम्ही एकदाही ऐकवलं नाहीत. डांबरगोळ्यांची गोष्ट शंभर वेळा सांगितलीत, पण त्यात तुम्ही कुडकुडलात हा भाग कधी नसायचा. साडूला कुठे थँक्यू म्हणायचं म्हणून ते राहून गेलं. माधवराव, ती ऊब माझ्या लक्षात आहे.

आणि आता गेल्या नोव्हेंबरचं.

दुपार कलली होती. आपण त्या लांबलचक कड्यावर पोचलो होतो, आणि पलीकडच्या खोलगट दरीत, खूप खाली, तो मोठा नर उभा होता. मी दुर्बिणीतून पाहिला. तुमचा श्वास बदलला. तुम्ही पिशवीचे पट्टे आवळलेत आणि खाली उतरायच्या वाटेवर पाऊल टाकलंत. मी पश्चिमेला पाहिलं. क्षितिजावर ढगांची एक करडी रेघ होती. मी म्हटलं, मला हे काही पटत नाही. तुम्ही म्हणालात, काय? मी म्हटलं, ते ढग बघा, परत चला. आपण कुजबुजत भांडलो, कारण एल्कला ऐकू गेलं असतं. तुम्ही म्हणत होतात की ते ढग पलीकडच्या डोंगरांवरच राहतील. मी म्हणत होतो की ढगांनी तुम्हाला तसं लिहून दिलंय का? शेवटी तुम्ही पिशवीचे पट्टे पुन्हा सैल केलेत. मग मागे वळलात.

ढग आले नाहीत. आपण आल्या वाटेने परत उतरत होतो आणि ऊन उजळत होतं. ट्रकपाशी पोचेपर्यंत आकाश घासून पुसून ठेवल्यासारखं लख्ख निळं झालं होतं. स्वच्छ आकाश बघून माणसाला लाज वाटते हे मला त्या दिवशी कळलं. घरी येईपर्यंत तुम्ही बोलला नाहीत. शुभाताईंनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणालात, "ढग आले होते."

मी वाट बघत राहिलो की तुम्ही मला झापाल. नाताळात फोन झाला, संक्रांतीला झाला. मी विषय काढला की तुम्ही म्हणायचात, "सोडा हो." चिडलेल्या माणसाचं मला काही वाटत नाही, चिडलेला माणूस समजतो. पण "सोडा हो" म्हणणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय ते कसं कळणार? तुम्ही यंदा फोन कराल की नाही, याचीच मला शंका होती. सप्टेंबरात फोन आला तो शुभाताईंचा.

तुमच्या घरी सगळे जमले होते त्या दिवशी डेल उठून उभा राहिला. आता तो गुडघा बदलून आलाय, काठी घेऊन चालतो. त्याने तुमच्या आवाजात, तुमचे हातवारे करून, एक गोष्ट सांगितली. एक नर दरीत उभा आहे, माधव उतरायला निघालाय, आणि त्याचा साडू आकाशाकडे बोट दाखवतोय जिथे काही म्हणजे काही नाही. सगळा हॉल हसला. शुभाताई हसल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मीही हसलो. दुसरं करणार काय? पण आतून जळत होतो. म्हणजे माझ्यापाशी "सोडा हो" आणि डेलपाशी नक्कल. माझं तिसरं उत्तर बरोबर निघालं होतं. गोष्टीतला बावळट.

दुसऱ्या दिवशी तुमच्या पॅन्टचे खिसे मी का उलटे केले, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. मला काही तरी वेगळं सापडायला हवं होतं. काय, ते मलाही माहीत नव्हतं.

आणि तेवढ्यात तुमची लेक इरा गॅरेजमध्ये आली. नोव्हेंबरचा शिकारीचा परवाना तिच्या नावाने आला आहे, आयुष्यातला पहिला. यंदा तुम्ही तिला नेणार होतात. तिला जायचंच आहे. शुभाताई एकटीला सोडायला तयार नाहीत, डेल चढू शकत नाही. मग मायलेकींनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं इतकं एकसारखं होतं की मी लगेच ओळखलं, पाणी कुठे तरी मुरतंय, यांचं आधी बोलणं झालेलं आहे. बापाला ओझं वाहायला मी चालत होतो, आता लेकीलाही चालेन. मी म्हटलं, बघू. आधी हिला धड पॅन्ट तरी आहे का?

पॅन्ट नव्हती. तुम्ही तिच्यासाठी घ्यायची ठेवली होती.

म्हणून मी तिला त्याच दुकानात नेलं. माधवराव, बायकांच्या शिकारीच्या पॅन्टमध्ये चाललेली लबाडी तुम्ही पाहायला हवी होती. खिशाच्या जागी नुसती शिवण, आत खिसाच नाही. एकीच्या गुडघ्यावर दुहेरी कापडाचा आभास, पण बोटांनी चाचपलं तर एकेरी. एकीवर लिहिलेलं, अजिबात आवाज करत नाही. कानाशी नेऊन चुरगळली तर पापडाचा आवाज. मी एकेक बाजूला करत गेलो आणि इरा हसत होती. मग मी तिला बुडाचं कापड बघायला सांगितलं, कारण पॅन्ट बसण्यासाठी घ्यायची असते, आणि वाक्य अर्ध्यावर आलं तेव्हा लक्षात आलं की हे मी बोलत नाहीये.  इराने माझ्या हातातली पॅन्ट घेतली आणि घालून आली. मी काही सांगायच्या आत ती फरशीवर मांडी घालून बसली. मी शेजारच्या मोज्यांची चौकशी करू लागलो.

मग बूट घालून बघायच्या बाकावर आम्ही दोघं टेकलो, आणि मी विचारून टाकलं. "इरा, तुझे बाबा मला कशाला नेत होते गं?"

"काका, यू रिअली डोन्ट नो?" ती म्हणाली.

यंदाचा बेत आखताना म्हणे तुम्ही तिला सांगितलं होतंत. की डेल पुढे जाणारा आहे आणि तुम्हीही पुढेच जाणारे. जनावर दिसलं की तुम्हा दोघांनाही थांबता येत नाही, डोळ्यांना झापडं लागतात. डोंगरात पुढे जायला कोणीही सोबत येतं, पण परत चला म्हणणारा मिळत नाही. त्या दुपारी आधीच उशीर झाला होता. तुम्ही खाली उतरून नेम साधला असता, तर सगळं मांस पाठीवर घेऊन तो कडा अंधारात चढावा लागला असता, आणि ते तुम्हाला उतरायच्या आधीही माहीत होतं. तरी तुम्ही निघाला होतात. तुम्ही रागावला होतात ते माझ्यावर नाही.

"बाबा म्हणाला, ढग चुकले, पण काका बरोबर होता," इरा म्हणाली. "आणि म्हणाला की मला कधी नाही जमलं तर काकाला घेऊन जा. दुसऱ्या कोणाला नको."

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर तिथेच रडला असता. मी काय केलं? मी हिशेब मांडला. या मुलीला डोंगरात जायचंय. आईची अट आहे सोबतीची. सोबत देऊ शकेल असा एकच माणूस आहे आणि तो 'बघू' म्हणतोय. मुलगी तुमची आहे, म्हणजे गोष्ट रचता येत असणार. शिवाय कालच हॉलमध्ये माझा उतरलेला चेहरा तिने पाहिला असणार. मला विश्वास ठेवायचा होता, माधवराव. इतका ठेवायचा होता की त्यामुळेच जास्त संशय आला.

म्हणून मी तिला विचारलं, "हे ते खरंच म्हणाले होते, की मी यावं म्हणून तू आत्ता रचलंस?"

 तिला हसू फुटलं आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने बाहीने नाक पुसलं.

"बाबा म्हणालेला, काकाला हे सांगशील ना, तेव्हा तो एक्झॅक्टली हेच विचारेल," ती म्हणाली. "आणि विचारलं की समज, तो येतोय."

यात कुठे खोट काढता येते का ते मी पाहिलं. खरंच पाहिलं. उलटसुलट करून पाहिलं आणि मग त्या बाकावर बसून, बुटांच्या खोक्यांच्या मध्ये, तुम्ही गेल्यापासून आलं नव्हतं ते रडू आलं. तोच दुकानातला पोऱ्या, आता दाढी राखलेला, पुन्हा लांबून बघत होता. या वेळी तो जवळ आला नाही.

मी जातोय, माधवराव. ढग असोत नसोत, मला पटलं नाही की मी परत चला म्हणेन, आणि तुमची लेक चिडली तरी ऐकणार नाही. मी तिला घरी आणीन. त्याबद्दल तुम्ही शंका ठेवू नका.